आधी आपल्याच माणसांशी: एल्डोरेट धर्मप्रांताचे प्रकरण

केनियात २००७ च्या निवडणुकीनंतर उसळलेल्या हिंसाचारात एका कॅथलिक धर्मप्रांताने काय केले, त्याचा हा अभ्यास. खेड्यांची आणि तिथल्या माणसांची नावे मुद्दाम गाळली आहेत. ज्यांच्या घरांना आग लागली आणि ज्यांनी ती लावली, ते आजही एकाच रस्त्याने बाजाराला जातात. नावाने येतात ते एल्डोरेटचे बिशप कॉर्नेलियस कोरिर, कारण त्यांचे काम सार्वजनिक नोंदीत आहे आणि त्यांची जमात कोणती, हाच या प्रकरणाचा कणा आहे. ते कालेन्जिन होते. त्यांच्या कॅथेड्रलच्या आवारात जीव वाचवायला आलेले लोक बहुतांशी किकुयु होते आणि बाहेर धनुष्यबाण घेऊन रस्ते अडवणारी पोरे कालेन्जिन.

पार्श्वभूमी

एल्डोरेट हे उआसिन गिशू भागातले मुख्य शहर. आसपास मका, गहू आणि दुभती जनावरे. ब्रिटिश अमलात हा सगळा पट्टा गोऱ्या शेतकऱ्यांसाठी राखीव होता. नांदी आणि इतर कालेन्जिन गटांना तिथून हुसकावले गेले. १९६३ मध्ये स्वातंत्र्य आले तेव्हा या जमिनी मूळच्यांना परत मिळाल्या नाहीत, विकल्या गेल्या. कर्ज काढून किंवा सहकारी संस्थांत आणि जमीनखरेदी कंपन्यांत भाग घेऊन लोकांनी त्या विकत घेतल्या. त्यांत मध्य केनियातून आलेली किकुयु कुटुंबे मोठ्या संख्येने होती. त्यांनी पैसे मोजले होते, त्यांच्याकडे कागद होते. कालेन्जिनांचे म्हणणे असे की चोराने विकलेली वस्तू पैसे देऊन घेतली तरी ती आमचीच. दोन्ही बाजूंना आपापल्या घरात बसून विचार केला तर स्वतःचे शंभर टक्के बरोबर वाटावे, असा हा वाद आहे.

तरीही वर्षानुवर्षे बांधाला बांध लावून शेती चालली. पोरे एका शाळेत गेली, लग्नेही झाली. ठिणगी पडायची ती निवडणुकीत. १९९२ मध्ये बहुपक्षीय निवडणुका पुन्हा सुरू झाल्या, त्याच्या आगेमागे रिफ्ट व्हॅलीत, म्हणजे एल्डोरेट ज्यात येते त्या प्रांतात, वसाहती पेटवल्या गेल्या. १९९७ च्या निवडणुकीच्या आसपास पुन्हा तेच. एल्डोरेट-नाकुरू महामार्गावरचे बर्न्ट फॉरेस्ट हे ठिकाण अशा जाळपोळीचे जुने गिऱ्हाईक. परक्यांसाठी स्वाहिलीत एक शब्द रूढ झाला होता, ‘मडोआडोआ’, म्हणजे डाग. डाग पुसायचे असतात, हे वेगळे सांगावे लागत नसे.

कोरिर १९९० मध्ये बिशप झाले. पदावर येऊन दोन वर्षे होत नाहीत तोच पहिली जाळपोळ झाली. तेव्हा चर्चने आश्रय दिला, धान्य आणि ब्लँकेटे वाटली, शांततेची आवाहने काढली. लोक परतले, आणि पुढच्या खेपेला पुन्हा पळाले. त्यानंतर केरिओ खोऱ्यात मारकवेत आणि पोकोट यांच्यात गुरे पळवण्यावरून रक्तपात झाला. मार्च २००१ मध्ये मुरकुत्वो गावात मोठे हत्याकांड घडले. हे दोन्ही गट व्यापक अर्थाने कालेन्जिनच. तिथे मध्यस्थी करता करता धर्मप्रांताला जी रीत सापडली, ती २००८ मध्ये कामी आली.

समस्या

२७ डिसेंबर २००७ ला मतदान झाले. ३० तारखेच्या संध्याकाळी म्वाई किबाकी राष्ट्राध्यक्षपदी विजयी घोषित झाले आणि थोड्याच वेळात अंधारात त्यांचा शपथविधीही उरकला. किबाकी किकुयु. विरोधात रायला ओडिंगा, आणि कालेन्जिनांचे भरघोस मत ओडिंगांच्या आघाडीला गेलेले. निकाल चोरला असे लाखो लोकांचे मत होते. त्या रात्रीपासून रिफ्ट व्हॅली पेटली.

१ जानेवारी २००८ ला एल्डोरेटजवळच्या किआंबामध्ये केनिया असेंब्लीज ऑफ गॉड या पंथाचे एक लहान चर्च आत आसरा घेतलेल्या लोकांसह जाळण्यात आले. मेलेल्यांत बहुतेक बायका आणि मुले होती. ‘चर्चमध्ये गेलो की सुटलो’ हा १९९२ पासूनचा समज त्या दिवशी राख झाला.

पुढे या हिंसाचाराची चौकशी करणाऱ्या वाकी आयोगाने देशभरात १,१३३ मृत्यू नोंदवले. त्यांतले ७४४ एकट्या रिफ्ट व्हॅली प्रांतातले. सहा लाखांहून अधिक लोक बेघर झाले, त्यांपैकी सुमारे साडेतीन लाख छावण्यांत गेले. बाकीचे कोण आणि कुठे होते, हा प्रश्न पुढे चांगलाच महागात पडला.

या सगळ्यात धर्मप्रांताची स्वतःची स्थितीही बिकट होती. धर्मगुरू, धर्मभगिनी, कर्मचारी दोन्ही जमातींचे. रविवारी एका बाकावर बसून मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, ऐकणारे सोमवारी एकमेकांवर धावून गेलेले. २६ जानेवारीला एका किकुयु कॅथलिक धर्मगुरूला रस्ता अडवणाऱ्या टोळक्याने मारले. आणि चर्चचे नेतृत्व धुतल्या तांदळासारखे नव्हते. निवडणुकीआधी ‘माजिम्बो’ म्हणजे प्रांतांना स्वायत्तता द्यावी की नाही, या वादात कॅथलिक बिशपांमध्येच उघड फूट पडली होती आणि ती बरीचशी जमातींच्या रेषेवरून गेली होती. प्रोटेस्टंट चर्चेसच्या राष्ट्रीय परिषदेने फेब्रुवारी २००८ मध्ये जाहीर कबुली दिली की आम्ही पक्षपाती झालो होतो. समेट घडवायला निघालेल्या माणसावर लोकांनी डोळे झाकून विश्वास ठेवावा, असे दिवस ते नव्हते.

पहिला निर्णय: फाटक

सेक्रेड हार्ट कॅथेड्रलचे आवार सुमारे दहा हजार माणसांसाठी बांधलेले नाही. पण तेवढी माणसे आत आली. पाणी, संडास, लहान मुलांचे आजार, थंड रात्री, शहराचे रस्ते बंद, पेट्रोल नाही. किआंबा काही किलोमीटरवर.

आज मागे वळून पाहताना फाटक उघडणे सोपे वाटते. तेव्हा दुसरा पर्याय अगदीच बेजबाबदार नव्हता: सगळ्यांना पोलिसांच्या ताब्यात द्यावे, सरकारी जागेवर न्यावे आणि चर्चने मदत पुरवत राहावे. तसे केले असते तर कॅथेड्रल लक्ष्य झाले नसते आणि बिशपांना कालेन्जिन समाजात बोलायला तोंड राहिले असते. त्यांनी लोकांना आत घेतले. परिणाम ठरलेलाच होता. आपल्याच लोकांनी त्यांना शत्रूला पोसणारा म्हटले, धमक्याही आल्या. पुढे बहुतेक विस्थापितांना शहरातल्या कृषी प्रदर्शनाच्या मैदानावर उभ्या राहिलेल्या मोठ्या छावणीत हलवण्यात आले.

इथे एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. या निर्णयामुळे किकुयु विस्थापितांचा बिशपांवर विश्वास बसला आणि कालेन्जिनांचा उडाला. मध्यस्थाला दोन्ही बाजूंचा विश्वास लागतो, असे प्रशिक्षणांत शिकवतात. त्या आठवड्यात मात्र दोन्ही जपणे शक्यच नव्हते. जीव आधी, मध्यस्थी नंतर, असा क्रम लावला गेला आणि उडालेला विश्वास नंतर फिरून कमवावा लागला. तो कमवता आला, कारण बिशप त्याच समाजाचे होते, त्यांची भाषा बोलत होते. एखाद्या किकुयु बिशपाने हेच फाटक उघडले असते तर त्याला पुढची पायरी चढताच आली नसती.

पेरणी आणि परतीची घाई

२८ फेब्रुवारी २००८ ला संयुक्त राष्ट्रांचे माजी महासचिव कोफी अन्नान यांच्या मध्यस्थीने किबाकी आणि ओडिंगा यांच्यात सत्तावाटपाचा करार झाला. नैरोबीत हस्तांदोलन झाले, पण बर्न्ट फॉरेस्टच्या आसपासच्या वाड्यांवर कोणी कोणाशी बोलत नव्हते. मार्च-एप्रिलमध्ये मोठा पावसाळा लागतो आणि मक्याची पेरणी होते. ती चुकली की वर्ष गेले. सरकारलाही छावण्या मिटवायच्या होत्या. ५ मे २००८ ला ‘ऑपरेशन रुडी न्युंबानी’, म्हणजे ‘घरी परत’, ही मोहीम सुरू झाली. कुटुंबाला सुरुवातीला १०,००० शिलिंग आणि घर जळाले असेल तर २५,००० शिलिंग, असे ठरले. अनेकांना ते पैसे मिळाले नाहीत, काही ठिकाणी बळजबरीने तंबू उतरवल्याचे आरोप मानवी हक्क संघटनांनी केले.

लोकांनी आपल्यापुरता मधला मार्ग काढला. मोठी छावणी सोडून शेताजवळच्या लहान तळांवर राहायचे, दिवसा जमीन कसायची, अंधार पडायच्या आत तळावर परतायचे. सरकारी आकड्यांत हे ‘परतलेले’ मोजले गेले. धर्मप्रांताला खरा प्रश्न इथे दिसला: माणूस स्वतःच्या शेतात काम करतो पण तिथे झोपत नाही, तर त्याला काय कमी आहे? पत्रे आणि खिळे कमी होते हे खरेच. त्याहून जास्त हवी होती ती शेजाऱ्याने दिलेली हमी, की आज रात्री काही होणार नाही.

समोर असलेले पर्याय

एक रूढ मार्ग म्हणजे ‘बराझा’. प्रशासनाचा अधिकारी गाव गोळा करतो, दोन्ही बाजूंचे वडीलधारे पुढे बसतात, भाषणे होतात, हस्तांदोलन होते, फोटो निघतो. वेळ थोडा लागतो आणि वरच्यांना दाखवायला बरे असते. पण बराझात माणूस अधिकाऱ्याला जे ऐकायचे असते तेच बोलतो. मनातले घरी घेऊन जातो.

दुसरा मार्ग: चर्चने मदतीपुरते राहावे. घरे बांधून द्यावीत, बियाणे-खत द्यावे, समेटाचे काम काळावर सोडावे. १९९२ नंतर साधारण हेच झाले होते आणि त्याचे फळ समोर होते.

तिसरा: आधी न्याय. कोणी जाळले, कोणी लुटले, ते ठरू द्या, शिक्षा होऊ द्या, मग समेटाचे बोलू. तत्त्व म्हणून यावर आक्षेप घेणे कठीण. पण न्यायालये धर्मप्रांताच्या हातात नव्हती. किआंबा चर्चच्या प्रकरणातले चारही आरोपी एप्रिल २००९ मध्ये नाकुरूच्या उच्च न्यायालयात पुराव्याअभावी सुटले, यावरून वाट किती लांबली असती याची कल्पना येते.

चौथा मार्ग केरिओ खोऱ्यात शिकलेला. लहान बैठका, आधी प्रत्येक जमातीच्या स्वतंत्र, आणि समोरासमोर बसणे शक्य तेवढे उशिरा. पुढे ही रीत ‘अमानी मशिनानी’ या नावाने ओळखली गेली. अर्थ, तळागाळातली शांती.

काय केले

सुरुवात एकेकट्या माणसांपासून झाली. कोणत्या वाडीत कोणाचे ऐकतात, याचा शोध धर्मग्रामांच्या (पॅरिशच्या) पातळीवर घेतला गेला. कॅथलिक धर्मग्रामात शेजारच्या थोड्या घरांचे प्रार्थनागट असतात, स्वाहिलीत त्यांना ‘जुमुइया’ म्हणतात. कोण कोणाकडे अजून दूध पाठवतो, कोणी कोणाची गाय लपवून ठेवली आहे, हे अशा गटांना ठाऊक असते आणि बाहेरच्या संस्थेला ते वर्षभरातही कळत नाही. या माणसांकडून निरोपांची ने-आण झाली. दोन्हीकडे जाणारा मध्यस्थ, समोरच्याचे म्हणणे थोडे मऊ करून पण न बदलता सांगणारा. हे बोलायला सोपे, करायला महाकठीण.

मग आपापल्या जमातीच्या बैठका. या टप्प्यावर सर्वांत जास्त वेळ गेला आणि माझ्या मते सगळे यश इथेच आहे. समोर ‘ते’ नसतात, त्यामुळे माणूस आधी मनसोक्त शिव्या घालतो. कालेन्जिन बैठकांत जमिनीचा शंभर वर्षांचा हिशोब निघे. मत चोरले हा राग निघे. आमच्या भूमीत येऊन गावांना आणि शाळांना तुमच्याकडची नावे का, हाही सल असे. पुष्कळ वसाहतींची नावे खरोखरच मध्य केनियातून उचलून आणलेली होती. किआंबा हे त्यांतलेच. जमिनीच्या तुलनेत नावाची तक्रार क्षुल्लक वाटेल, पण ज्याच्या आजोबाने त्या टेकडीला दुसऱ्या नावाने हाक मारली होती त्याला ती तशी वाटत नव्हती.

किकुयु बैठकांत वेगळे दुःख. कागद आहेत, कर्ज फेडले आहे, इथे जन्मलो, जायचे कुठे? ज्याच्या लेकराला जेवू घातले त्याच घरातला मुलगा काडी घेऊन आला. आपले दार, आपली पत्र्याची पाने आता शेजारच्या छपरावर दिसतात, आणि रोज दिसतात.

आपल्यांतच बसलेले असताना शिव्या संपल्या की एक अवघड शांतता येते. मग कोणीतरी विचारतो की आता पुढे काय. दूध घ्यायला कोणी नाही, बाजार ओस, मजूर नाहीत, शाळेत मास्तर नाही. ‘ते’ गेल्यामुळे आपलेही अडले आहे, हे आपल्याच माणसाच्या तोंडून ऐकले तर पचते. समोरच्याने सांगितले असते तर भांडण झाले असते. कालेन्जिन बैठकीत बिशप स्वतः कालेन्जिन म्हणून बोलू शकत होते, आणि ही जळजळीत बाजू ते बाहेरच्याच्या थाटात मांडत नव्हते.

त्यानंतर दोन्हीकडच्या मोजक्या माणसांची एकत्र बैठक. तीत वाटाघाटी करायच्याच नाहीत. एकाने तक्रारी सांगायच्या, दुसऱ्याने ऐकायच्या, सगळ्या कागदावर उतरवायच्या. उत्तर द्यायला मनाई. मग तो कागद घेऊन प्रत्येकाने आपल्या समाजात परत जायचे आणि वाचून दाखवायचे: ते आपल्याबद्दल असे म्हणतात. त्यावर पुन्हा स्वतंत्र बैठका आणि त्यानंतर कुठे प्रत्यक्ष बोलणी. शेवटी गावपातळीचा लेखी करार, आणि तो पाळला जातो का हे पाहायला दोन्हीकडच्या लोकांची समिती.

या पायऱ्या वाचताना रटाळ वाटतात, आणि त्या होत्याच रटाळ. पैसे देणाऱ्यांना कळवायला मधे काही नसते. पहिले कित्येक आठवडे ‘दोन जमाती एकत्र’ असे एकही छायाचित्र निघत नाही.

करारानंतर ‘जोडणारी कामे’ हाती घेतली गेली. रस्ता, पूल, शाळेची खोली, जनावरांना गोचीडनाशक औषधातून काढायचा हौद. कसोटी साधी होती: एका बाजूला एकटीने वापरता येईल असे काम नको. दोन्ही बाजूंच्या तरुणांनी ते एकत्र करायचे. रस्ता झाला की कालेन्जिनाचे दूध आणि किकुयुचा बटाटा एकाच गाडीत जातो. काही ठिकाणी जळालेली घरे पुन्हा उभारतानाही कालेन्जिन बाजूची पोरे कामाला आली. पाहणाऱ्यांच्या मनात येतेच की यातल्याच एखाद्याने हे घर जाळले असेल. बहुधा त्या घरमालकाच्याही मनात येत असावे.

जिथे गाडे अडले

पहिली अडचण अटकेतल्या तरुणांची. रिफ्ट व्हॅलीत अनेक ठिकाणी कालेन्जिनांनी अट घातली की आमची पकडलेली पोरे सोडा, मगच विस्थापितांना येऊ देऊ. काही राजकारणीही माफीची मागणी उघडपणे करत होते. ही अट मान्य करायचा अधिकार कुठल्याही गावसमितीला नव्हता. ती साफ फेटाळली तर बोलणी मोडत, आणि मान डोलावली तर ज्यांचे माणूस मेले त्यांचा विश्वासघात. अशा वेळी ती तक्रार कागदावर घ्यायची आणि आपल्या हातात काय नाही हे दोन्हीकडे स्पष्ट सांगायचे, एवढीच जागा चर्चच्या माणसाला उरते. ती तोकडी आहे, पण खोटे आश्वासन देण्यापेक्षा बरी.

दुसरी अडचण मदतीची. छावण्यांत बहुतेक किकुयु होते, म्हणून धान्य, तंबू, पैसा सगळा तिकडे जाताना दिसे. पण घरे कालेन्जिनांचीही जळाली होती. ते नातेवाइकांकडे गेले, त्यामुळे ना यादीत आले ना छायाचित्रात. किकुयुंमधले भाडेकरूही असेच सुटले; ज्यांची जमीनच नव्हती त्यांना ‘घरी परत’ कुठे पाठवणार? ज्याने जास्त सोसले त्याला जास्त द्यावे, हा मदतकार्याचा नियम. पण एका बाजूला घर आणि दुसऱ्या बाजूला फक्त प्रवचन मिळाले, की नवे घर हेच नव्या रागाचे कारण बनते. जोडणारी कामे दोघांनाही उपयोगी पडतील अशी निवडण्यामागे हा धडा होता. तरी दंगलखोरांना मजुरी कशाला, हा किकुयुंचा सवाल काही चुकीचा नव्हता, आणि त्याचे कोणाकडे समाधानकारक उत्तर नव्हते.

तिसरी अडचण लुटीच्या मालाची. गाय, पत्रे, शिवणयंत्र शेजाऱ्याकडे आहे हे ठाऊक असताना मागायचे का? मागितले तर चोर ठरवल्यासारखे होते. पोलिसांत गेले तर करार मोडल्याचा ठपका. किती जणांनी गप्प राहून शांतता विकत घेतली, याचा हिशोब कोणत्याच करारात सापडत नाही.

काय झाले

पुष्कळ कुटुंबे परतली, शेती उभी राहिली, बाजार भरू लागले. काहींनी जमीन विकून कायमचे गाव सोडले. ४ मार्च २०१३ च्या निवडणुकीत हा पट्टा शांत राहिला. या शांततेचे श्रेय गावसमित्यांना देण्याचा मोह होतो. पण दरम्यान वर एक मोठी उलथापालथ झाली होती. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या सरकारी वकिलांनी १५ डिसेंबर २०१० ला या हिंसाचारामागच्या सहा संशयितांची नावे जाहीर केली. त्यांत किकुयुंचे नेते उहुरू केन्याटा आणि कालेन्जिनांचे विल्यम रुटो दोघेही होते. दोघे एकत्र आले, २०१३ ची निवडणूक एकाच आघाडीतून लढले आणि जिंकले. केन्याटांवरचे आरोप डिसेंबर २०१४ मध्ये मागे घेतले गेले, रुटोंचा खटला एप्रिल २०१६ मध्ये संपला. नेत्यांची युती झाल्यावर एल्डोरेटच्या शेतकऱ्यांना एकमेकांवर सोडायला कोणी उरले नाही.

मग समित्यांनी काय केले? माझे मत असे: वरून आग लावणारे थांबले हे खरे, पण २००८ ते २०१० या काळात वर केन्याटा आणि रुटो यांची युती नव्हती आणि माणसे तेव्हाच परतून शेजारी झोपायला लागली होती. ते श्रेय खालच्या कामाचे. उलट्या बाजूने, वरची युती तुटली असती तर हे करार टिकले असते का, याची परीक्षा त्या वेळी झालीच नाही.

पुन्हा करायचे झाले तर

आपापल्या जमातीच्या बैठका हे या पद्धतीचे बळ, तसाच तिचा धोकाही. बसवणारा कच्चा असेल तर शिव्यांची बैठक शिव्यांवरच संपते आणि माणसे आली त्याहून पेटून घरी जातात. म्हणून अशा बैठका चालवणाऱ्यांची तयारी आधी, आणि ती हिंसा होण्याआधी व्हायला हवी होती. १९९२ नंतर पंधरा वर्षे मिळाली होती. केरिओ खोऱ्यात सापडलेली रीत बर्न्ट फॉरेस्टच्या पट्ट्यात २००५-०६ मध्ये, शांततेच्या काळात, का राबवली गेली नाही? मला यातला सर्वांत मोठा प्रश्न हाच वाटतो. पेटल्यावर पाणी न्यायला पैसा मिळतो, कोरड्या गवताकडे बघायला मिळत नाही, हे खरे. पण चर्चला प्रत्येक कामासाठी बाहेरचा पैसा लागत नाही. जुमुइया तेव्हाही होत्याच.

बोलणी प्रामुख्याने वडीलधाऱ्या पुरुषांच्या वळणाने जातात. अशा समाजांत ‘कोणाचे ऐकतात’ असे विचारले की यादीत तेच येतात. पण पत्रा कोणाच्या छपरावर गेला आणि रात्री कोण झोपत नाही, हे बायकांना जास्त ठाऊक असते. लैंगिक अत्याचारांबद्दल तर पुरुषांच्या मिश्र बैठकीत एक शब्द निघणार नाही. वाकी आयोगाने या अत्याचारांना अहवालात वेगळे प्रकरण दिले. गावपातळीवर त्यासाठी बायकांच्या स्वतंत्र बैठका पहिल्या दिवसापासून हव्यात.

लुटीच्या मालासाठी नाव न सांगता वस्तू आणून ठेवण्याची सोय धर्मग्रामाच्या आवारात करता आली असती. सगळे परत आले नसते. पण एखादे शिवणयंत्र जरी रात्रीतून आवारात येऊन पडले असते, तरी त्या घराला कळले असते की कोणाला तरी लाज वाटते आहे.

आणि करारात न्यायाचा दरवाजा उघडा आहे हे लिहून ठेवायला हवे. समितीत बसणारा माणूस उद्या न्यायालयात साक्ष द्यायला गेला तर तो गद्दार ठरणार नाही, असे एक वाक्य. ते कोणत्याही बाजूला सहजी मान्य झाले नसते. कदाचित त्या एका वाक्यावर बोलणी महिनाभर लांबली असती.

बिशप कोरिर ३० ऑक्टोबर २०१७ ला वारले. त्याच दिवशी नैरोबीत राष्ट्राध्यक्षपदाच्या फेरनिवडणुकीचा निकाल जाहीर झाला. त्या खेपेचा हिंसाचार मुख्यतः पश्चिमेकडे किसुमूच्या बाजूला आणि राजधानीच्या झोपडपट्ट्यांत होता. एल्डोरेटच्या कॅथेड्रलच्या आवारात तंबू लागले नाहीत.